बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घुबडाबद्दल लोक सारखं जे विचारतात ते

गावात कोण पक्षी बघत फिरतंय असं कळलं की लोक येऊन मोराचं, धनेशाचं काही विचारत नाहीत, विचारतात ते घुबडाचं आणि तेही जरा आवाज कमी करून. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून ठेवलंय. प्रश्न जसे येतात तसेच घेतलेत, क्रम वगैरे लावत बसलो नाही.

घरावर घुबड बसून ओरडतंय, काही वाईट होणार का?

नाही. घरावर बसलंय कारण तिथनं अंगण, गोठा, खळं सगळं नीट दिसतंय आणि तुमच्याकडं उंदीर आहेत. गोठ्यात पेंड, माळ्यावर भात नाहीतर जोंधळा, परड्यामागं उसाचा फड असला की उंदीर येणारच आणि उंदरामागं घुबड येणारच. ओरडतंय ते दुसऱ्या घुबडाला, ही जागा माझी आहे म्हणून, नाहीतर जोडीदाराला.

आता लोक म्हणतात आमच्या आळीत म्हातारी आजारी होती, घुबड तीन रात्री ओरडलं आणि म्हातारी गेली. बरोबर आहे, पण आजारी माणसाच्या घरात रात्रभर दिवा चालू असतो, दिव्याला किडे येतात, किड्यांना पिंगळा येतो, आणि मुख्य म्हणजे त्या घरात रात्रभर कोणतरी जागं असतंय म्हणून तो आवाज ऐकू येतो. गाढ झोपलेल्या घरांवर तो रोज ओरडून जातो त्याचा हिशोब कोण ठेवत नाही. आणि जी म्हातारी बरी होऊन परत भाजी निवडत बसली तिच्या घरावरचं घुबड कुणाच्या लक्षात राहत नाही.

पिंगळा आणि घुबड एकच का वेगळं?

पिंगळा हे घुबडच, फक्त लहान, वीतभर. करडा-तपकिरी रंग, त्यावर पांढरे ठिपके, पिवळेजर्द डोळे आणि वर पांढरी भुवई. वडाच्या, चिंचेच्या, आंब्याच्या ढोलीत जोडीनं राहतो, कधी पडक्या वाड्याच्या भिंतीत पण. दिवसा ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसलेला दिसतो आणि आपण बघाय लागलो की डोकं खालीवर, डावीउजवीकडं करतो. लोकांना वाटतं चिडलाय, पण ते अंतर मोजायचं काम चालू असतंय. दिवस मावळला की दोघं मिळून चिर्रूर्र चिर्रूर्र चिवाक चिवाक असा दंगा करतात आणि मग रस्त्याच्या लाईटखाली पतंग, भुंगेरे, पाली, एखादं उंदराचं पिल्लू असं जमेल ते खातात.

पहाटे कंदील घेऊन दारात येणारा पिंगळा जोशी जुन्या माणसांना आठवत असेल, आणि शेजारच्या कन्नड गावांत तेच काम बुडबुडकीवाला करायचा, हालक्की बोलली म्हणून सांगायचा, ती हालक्की म्हणजे पण हाच पक्षी. म्हणजे भाषा कुठलीही असू दे, भविष्य सांगायची ड्युटी पिंगळ्याकडंच. शुभ बोलला तर सुपातनं धान्य, अशुभ बोलला तर उतारा म्हणून जुनं कापड, जोशाचं काही नुकसान नाही.

आपल्या भागात कुठली कुठली घुबडं आहेत?

हे लांबलचक आहे कारण आपला जिल्हाच तसा आहे, एका टोकाला खानापूर-कणकुंबी-जांबोटीचं जंगल, दुसऱ्या टोकाला अथणी-गोकाककडचं कोरडं रान, मध्ये ऊस आणि भात. त्यामुळं घुबडं पण दोन्हीकडची मिळतात.

गावात आणि शहरात पिंगळा आणि गव्हाणी घुबड. गव्हाणी म्हणजे ते पांढऱ्या तोंडाचं, बदामाच्या आकाराचा चेहरा असलेलं, त्याचं खाली वेगळं लिहिलंय. आमराईत, चिंचेच्या जुन्या झाडांवर रानघुबड असतंय, अंगावर इतकी बारीक नक्षी की खोडाला चिकटून बसलं तर समोर असून दिसत नाही, पण संध्याकाळी चुहूऽऽवा असा थरथरता आवाज काढलं की अंगावर काटा येतो. भुताचा माळ, हडळीची चिंच असल्या नावाच्या जागा ज्या गावात आहेत तिथं एकदा संध्याकाळी थांबून ऐका, हेच निघण्याची शक्यता बरीच.

खडकाळ माळ, दगडाच्या जुन्या खाणी, ओढ्याच्या कडा, तिथं शृंगी घुबड. चांगलं दीड-पावणेदोन फुटाचं, नारिंगी डोळे, डोक्यावर दोन शिंगं. ती शिंगं पण नाहीत आणि कान पण नाहीत, नुसती पिसं आहेत, कान आत चेहऱ्याच्या कडेला असतात. बूऽ-हूऽऽ असा घुमणारा आवाज, लांबपर्यंत जातो. हे कड्यावर घरटं बिरटं बांधत नाही, कपारीत सरळ जमिनीवर अंडी घालतंय, म्हणून खाणी वाढल्या, मुरुमासाठी टेकड्या खरवडल्या की पहिला फटका यालाच बसतो.

पश्चिमेला भीमगडच्या बाजूला गेलात की माणसं बदलतात तशी घुबडं पण बदलतात. तपकिरी वनघुबड, जंगली पिंगळा (हा आपल्या पिंगळ्यापेक्षा गोल डोक्याचा, ठिपक्यांऐवजी अंगावर आडवे पट्टे), ओढ्याकाठी मासेखाऊ घुबड, आणि शिंगळा, जो एवढासा असतो आणि वाळक्या फांदीचं नाटक इतकं छान करतो की बघणारे शेजारनं निघून जातात. हिवाळ्यात उघड्या माळावर एक पाहुणं येतंय, आखूड कानाचं घुबड, उत्तरेकडच्या थंड मुलखातनं. ते झाडावर नाही, गवतात बसतंय. चालता चालता पायाखालनं उडालं तर दचकू नका.

जुन्या विहिरीतनं, देवळाच्या शिखरातनं रात्री फुस्स-फुस्स आवाज येतो, साप आहे का?

बहुतेक गव्हाणी घुबडाची पिल्लं. भूक लागली की ती रात्रभर फुसकारत राहतात, आणि मोठं घुबड हू-हू करत नाही, किंचाळतंय. चिरकं, कर्कश्श. रात्री बारा वाजता डोक्यावरनं पांढरं काहीतरी आवाज न करता जातंय आणि मग किंचाळतंय म्हटल्यावर भुताच्या गोष्टी का तयार झाल्या ते कळतंय की.

पिल्लं दिसायला खरंच विचित्र, लांब नाक, मोठं तोंड, पायावर उभी. विशाखापट्टणमला एका बांधकामात अशी पिल्लं सापडली होती तेव्हा एलियन सापडले म्हणून व्हिडिओ फिरला होता, आपल्या ग्रुपवर पण आला असेल. मादी पहिलं अंडं घातल्यापासनंच उबवायला बसते म्हणून एकाच घरट्यात एक पिल्लू मोठं, एक मधलं, एक अगदी बारकं असं असतंय. अन्न कमी पडलं तर बारकं जगत नाही.

उसात उंदरांनी धुमाकूळ घातलाय, घुबडानं खरंच फरक पडतो का?

पडतो, पण एका रात्रीत नाही. गव्हाणी घुबड रात्रीला तीनचार उंदीर सहज खातंय, पिल्लं असली की जोडी रात्रभर फेऱ्या मारते आणि सगळा माल घरट्यात. खाल्लेल्याचा पुरावा पण ते ठेवतंय, हाडं आणि केस पचत नाहीत म्हणून त्याची गोळी करून उलटी काढतंय, काळपट, अंगठ्याएवढी. झाडाखाली, देवळाच्या मागं अशा गोळ्या पडलेल्या सापडतील, पाण्यात भिजवून सोडवा, उंदराच्या कवट्या मोजता येतात. शाळेतल्या पोरांना हे करायला फार आवडतं, किळस मोठ्यांनाच येते.

परदेशात हे धंद्यासारखं करतात. इस्रायलमध्ये १९८३ पासनं शेतात गव्हाणी घुबडासाठी लाकडी पेट्या लावल्या, आधी एका गावात, मग देशभर, आणि २००२ पासनं शेजारचे जॉर्डन आणि पॅलेस्टिनी शेतकरी पण त्यात आले, म्हणजे जिथं सीमेवर माणसांचं पटत नाही तिथं घुबडावर एकमत झालं (आपल्या सीमाभागात यावर काही बोलत नाही). मलेशियात तेलाच्या ताडाच्या बागांमध्ये पण अशा पेट्या आहेत.

आपल्याकडं करायचं तर जुन्या फळ्यांची दीड-दोन फुटाची पेटी, एका बाजूला सहा इंचाचं भोक, पाऊस आत येणार नाही असं छप्पर, आणि दहाबारा फुटावर झाडाला नाहीतर शेडला घट्ट बांधायची. लगेच येईल याची गॅरंटी नाही, सहा महिने रिकामी राहिली म्हणून काढून चुलीत घालू नका. तोपर्यंत शेतात पक्षी-थांबे रोवा, बांबूला आडवी काठी बांधून. दिवसा कोतवाल बसतो, अळ्या खातो, रात्री त्याच काठीवर पिंगळा नाहीतर गव्हाणी बसतंय. आणि बांधावरचं जुनं ढोली असलेलं झाड तोडू नका, ती फुकटची पेटीच आहे.

उंदराचं औषध ठेवलं तर घुबड मरतंय का?

मरू शकतंय, आणि हे लोकांना पटवायला सगळ्यात अवघड जातंय. औषध दोन तऱ्हेची. झिंक फॉस्फाईड पोटात गेलं की विषारी गॅस होतो आणि उंदीर लवकर मरतो. दुसरं ब्रोमॅडिओलोन, ते केकच्या वड्या मिळतात ते, त्यानं रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर मरायला बरेच दिवस लागतात. त्या दिवसांत उंदीर सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, पळत नाही, घुबडाला आयता सापडतो. एका उंदरानं काही होईलच असं नाही, पण ते विष घुबडाच्या लिव्हरमध्ये साठत जातंय. मग एक दिवस घुबड शेतात पडलेलं सापडतं आणि आपण म्हणतो कशानं मेलं कुणास ठाऊक.

घुबड मेलं तर उंदीर परत वाढतात, कारण उंदराला महिन्याभरात पिल्लं होतात आणि घुबडाला तेवढ्या घाईनं होत नाहीत. औषध घालायचंच असलं तर बिळात घाला, वर पसरू नका, मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरा. मी म्हणेन आधी सापळे लावून बघा.

दिवसा घुबडाला दिसत नाही म्हणतात ते खरं का?

खोटं. चांगलं दिसतंय. उलट अगदी जवळचं त्याला नीट दिसत नाही, म्हणून चोचीभोवतीच्या केसाळ पिसांनी चाचपून खातंय. दिवसा बाहेर पडलं की कावळे, साळुंक्या, कोतवाल सगळे मिळून टोचतात म्हणून ते लपून बसतंय. आणि मिट्ट अंधारात, म्हणजे अजिबात उजेड नसेल तर, त्याला पण डोळ्यांनी काही दिसत नाही.

मग अंधारात उंदीर कसा धरतंय?

कानानं. अमेरिकेत रॉजर पेन म्हणून एक शास्त्रज्ञ होते (हेच पुढं व्हेल माशांच्या गाण्यांमुळं गाजले), त्यांनी पूर्ण अंधार केलेल्या खोलीत जमिनीवर पाला पसरून त्यात उंदीर सोडला आणि गव्हाणी घुबड ठेवलं, त्यानं नुसत्या सळसळीवर बरोबर झेप मारली. कारण असं की त्याचे दोन कान एका उंचीवर नसतात, एक वर एक खाली. आवाज एका कानात दुसऱ्यापेक्षा जरासा आधी पोचला तर डावीउजवीकडं किती ते कळतं, आणि एकात जरा जास्त मोठा आला तर वर का खाली ते कळतं. त्याचा तो सपाट चेहरा आहे ना, तो डिश अँटेनाचं काम करतो, आवाज गोळा करून कानाकडं ढकलतो. पुढं मासाकाझू कोनिशी आणि एरिक नुडसेन यांनी १९७८ मध्ये दाखवलं की घुबडाच्या मेंदूत आवाजाच्या जागांचा नकाशाच असतो, ह्या कोपऱ्यातनं आवाज आला की ह्याच पेशी चेततात, त्या कोपऱ्यातनं आला की त्या.

मान पूर्ण गोल फिरते म्हणे?

पूर्ण नाही, २७० अंश, म्हणजे पाऊण चक्कर. त्याचे डोळे गोळे नसून नळ्या आहेत, हाडाच्या कड्यात घट्ट बसलेल्या, फिरवताच येत नाहीत, म्हणून मान फिरवावी लागते. मानेत १४ मणके, आपल्याला ७. एवढं पिळलं तर आपली रक्तवाहिनी फाटेल, त्याच्या मणक्यातली भोकं रक्तवाहिनीपेक्षा खूप मोठी असतात म्हणून ती दबत नाही.

उडताना आवाज का येत नाही?

पंखाच्या पुढच्या कडेला फणीचे दाते, मागच्या कडेला झालर आणि वर मखमली लव. हवा फाटताना जो आवाज व्हायचा तो तिथंच मरतो. जपानच्या बुलेट ट्रेनच्या वायरला टेकणाऱ्या दांड्याचा आवाज कमी करताना इंजिनिअरनी घुबडाच्या पिसांवरनंच कल्पना घेतली होती. गंमत म्हणजे मासे खाणाऱ्या घुबडांना ही सोय नाही, त्यांचे पंख वाजतात. पाण्यातल्या माशाला वरचा आवाज कुठं ऐकू येणार, मग कशाला पाहिजे. त्यांच्या पायाला पिसं पण नसतात, ओले होतील म्हणून, आणि तळव्याला खरखरीत काटे असतात, मासा निसटू नये म्हणून. ओढ्याकाठी खडकावर खेकड्याच्या कवच्या पडलेल्या दिसल्या तर वर फांदीवर बघा.

जगात एकूण किती जाती आहेत?

सव्वादोनशे ते अडीचशेच्या मध्ये. नक्की आकडा सांगणारे दोघं भेटले तर भांडतात, कारण आवाज आणि डीएनए तपासून एका जातीच्या दोन करायचं काम अजून चालू आहे. गव्हाणी घुबडाच्याच आता काही जण तीन करतात, युरोप-आफ्रिकेकडचं, अमेरिकेतलं आणि आपल्याकडचं. भारतात तीसच्या वर जाती. सगळ्या मिळून कुळं दोनच, एक गव्हाणी आणि तिचे भाऊबंद, दुसरं बाकी सगळ्यांचं. अंटार्क्टिका सोडून एकही खंड यांच्याशिवाय नाही.

सगळ्यात मोठं ब्लॅकिस्टनचं मासेखाऊ घुबड, रशियाच्या पूर्व टोकाला आणि जपानच्या होक्काइदो बेटावर. वजन साडेचार किलोपर्यंत, पंख पसरले की सहा फूट. गोठणाऱ्या थंडीत न गोठलेल्या नदीतनं मासे काढतंय आणि घरटं करायला त्याला प्रचंड जुन्या झाडाची ढोली लागते, ती झाडं तुटली म्हणून ते आता फार कमी राहिलंय. होक्काइदोचे मूळ रहिवासी ऐनू लोक याला गाव राखणारा देव मानायचे. आपण वेशीवर घुबड दिसलं की थुंकतो, त्यांच्याकडं ते वेशीचं रक्षण करतंय!

सगळ्यात लहान एल्फ घुबड, मेक्सिको आणि अमेरिकेच्या वाळवंटी भागात, चिमणीएवढं, वजन ४० ग्रॅमच्या आसपास. सुतार पक्ष्यानं उंच निवडुंगात पाडलेल्या भोकात राहतंय.

उत्तर ध्रुवाकडचं पांढरंशुभ्र हिमघुबड दिवसा शिकार करतंय, करणार काय, तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. लेमिंग नावाचे उंदीर भरपूर झाले त्या वर्षी ढीगभर पिल्लं, नाही झाले तर त्या वर्षी घरटंच नाही. तिकडच्याच सूचिपर्णी जंगलात मोठं राखाडी घुबड, ते दीड-दोन फूट बर्फाखाली चालणारा उंदीर वरनं ऐकून सरळ बर्फात घुसतंय. दिसायला ते पण अवाढव्य, पण निम्मी पिसंच, वजनाला ब्लॅकिस्टनच्या पुढं काही नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते अमेरिकेतलं बिळात राहणारं घुबड. उघड्या गवताळ रानात, लांब पायांचं, जमिनीवर उभं. बिळाच्या तोंडाशी जनावराचं शेण आणून पसरतंय, शेणाला भुंगे येतात आणि हे बसल्या जागी ते खातंय. पिल्लांना धोका वाटला की बिळातनं खुळखुळ्या सापाचा (रॅटलस्नेक, शेपटी खुळखुळ्यासारखी वाजवणारा विषारी साप) हुबेहूब आवाज काढतात, कोण हात घालणार आत?

ग्रीसमध्ये लहान घुबड म्हणून जे आहे ते आपल्या पिंगळ्याचं जवळचं नातेवाईक. अथेना देवीचं, ज्ञानाचं म्हणून जुन्या अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर ते होतं आणि आताच्या ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर पण आहे. न्यूझीलंडमध्ये हसणारं घुबड होतं, बाहेरनं आणलेल्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांनी आणि मांजरांनी ते संपवलं, १९१४ नंतर ते सापडलेलं नाही.

महाराष्ट्रात एक घुबड हरवून परत सापडलं म्हणतात, ते काय प्रकरण?

हे सांगायला मला कुणीही कधीही उठवावं. वनपिंगळा. पिंगळ्यापेक्षा जरा दणकट, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पाय जाड आणि पिसांनी भरलेले, आणि दिवसा फिरणारा. १८७२ च्या शेवटी आताच्या छत्तीसगडकडं एक पक्षी मिळाला, १८७३ मध्ये ह्यूमनी (हेच ते काँग्रेस स्थापन करणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पक्ष्यांचं वेड होतं माणसाला) त्याला ब्ल्यूइट नावाच्या अधिकाऱ्याचं नाव दिलं. नंतर खानदेशातनं काही नमुने मिळाले, शेवटचा १८८४ मध्ये. त्यानंतर गायब.

लोक शोधत राहिले पण चुकीच्या जागी, कारण रिचर्ड मायनर्ट्झहागेन नावाच्या एका इंग्रज कर्नलनं १९१४ साली गुजरातेत आपण एक मारला असं नोंदवून ठेवलं होतं. म्युझियमचे नमुने बारकाईनं तपासले तेव्हा कळलं की ह्या पठ्ठ्यानं जुनाच नमुना म्युझियममधनं चोरून, परत शिवून, नवं लेबल लावून आपल्या नावावर खपवला होता. हे बाहेर काढणाऱ्या पामेला रासमुसेन, त्यांच्यासोबत बेन किंग आणि डेव्हिड ॲबॉट, मग खऱ्या जुन्या जागा धरून निघाले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला त्यांना तो समोर झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. पुढं मेळघाटात चांगल्या संख्येनं मिळाला, २०१४ मध्ये मुंबईजवळ तानसाला पण. आपल्या बेळगाव भागात त्याची नोंद नाही, त्यामुळं बेळगावच्या कॅम्पात फोटो काढून वनपिंगळा म्हणून पाठवू नका, तो आपला साधा पिंगळाच असतो.

रातवा घुबड आहे का?

नाही. संध्याकाळी गाडीच्या लाईटमध्ये रस्त्यावर बसलेला, डोळे लाल चमकणारा तो रातवा, तो किडे खातो, त्याला शिकारी नख्या नाहीत. चोर्ला घाटाकडच्या जंगलात बेडूकतोंड्या असतो तो पण घुबड नाही, रातव्याकडचा पाहुणा.

लक्ष्मीचं वाहन म्हणतात मग दिवाळीत का मारतात?

हा प्रश्न मलाही पडतो. बंगालकडं लक्ष्मीच्या मूर्तीपाशी घुबड असतंय आणि तिथं ते शुभ, आणि त्याच देशात दिवाळीच्या अमावास्येला पैशासाठी त्याचा बळी देणारे आहेत. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक संस्थेनं २०१० मध्ये अहवाल काढला त्यात भारतातल्या तेव्हाच्या ३० जातींपैकी १५ जाती बाजारात विकल्या जाताना सापडल्या होत्या. शिंगं असलेल्याला भाव जास्त. २०१८ मध्ये तेलंगणाच्या निवडणुकीआधी आपल्याच कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात सेडमला शृंगी घुबडं विकायला नेणारे पकडले होते, गिऱ्हाईक म्हणे राजकारणी, विरोधकाला पाडायला घुबड पाहिजे होतं.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घुबड मारणं, धरणं, विकणं, पाळणं सगळं गुन्हा आहे, जेल होऊ शकते. वर कर्नाटकात २०१७ चा आणि महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, म्हणजे हद्दीच्या ह्या बाजूला करा का त्या बाजूला, सुटका नाही. "गुप्तधनासाठी घुबड पाहिजे, किती पण पैसे" असा फोन आला तर तो माणूस एकतर फसवणारा आहे नाहीतर फसलेला, दोन्ही वेळेला वन खात्याला कळवा.

चांगलं पण होतंय. पुण्याजवळ पुरंदर तालुक्यात पिंगोरी गावात २०१८ मध्ये इला फाउंडेशननं घुबडांचा उत्सव भरवला, शाळेची पोरं घुबडाची चित्रं काढतात, मुखवटे घालून नाचतात. आपल्याकडं कुठल्यातरी गणपती मंडळानं हा देखावा करायला काय हरकत आहे, दरवर्षी तोच हिमालय करतात.

घुबडाचं पिल्लू खाली पडलेलं सापडलं, काय करू?

आधी हात लावायच्या आत बघा जखम आहे का. नसेल आणि अंगावर बऱ्यापैकी पिसं आली असतील तर ते पडलेलं नसून उडायला शिकतंय, मांजर-कुत्र्यापासनं लांब, त्याच झाडाच्या जरा उंच फांदीवर ठेवा. अगदी बारकं, नुसतं लव असलेलं असेल तर घरट्यात परत ठेवा, घरटं सापडत नसेल तर बुट्टीत वाळकं गवत घालून त्याच झाडाला बांधा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खोटं आहे, रात्री येते आणि भरवते.

जखम असेल, मांजात पंख अडकला असेल (नायलॉनच्या मांजानं ह्या पक्ष्यांची फार वाट लावली आहे) तर पुठ्ठ्याच्या बॉक्सला भोकं पाडून, आत कापड घालून, अंधारात शांत ठेवा. दूध-चपाती, भात, ब्रेड काहीही देऊ नका, चोच उघडून पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातंय. धरताना टॉवेल टाका, चोचीला भिऊ नका, नख्यांना भ्या. मग वन खात्याला १९२६ ला फोन लावा. कन्नड येत नसेल म्हणून थांबू नका, मराठीत बोललं तरी काम होतंय, "गूबे" एवढं एक म्हटलं तरी पुरे. आणि तोपर्यंत गल्लीतल्या सगळ्यांना फोटो काढायला बोलावू नका, निम्मी पिल्लं त्या भीतीनंच अर्धमेली होतात.

पाळता येईल का?

नाही, आणि कायदा नसता तरी सांगितलं असतं नको. रात्रभर किंचाळणार, रोज उंदीर पाहिजे, आणि त्या उलटीच्या गोळ्या तुमच्या सोफ्यावर.

बघायला कुठं जाऊ?

पिंगळ्यासाठी कुठं जायला नको, टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोची जुनी झाडं, कॅम्पातले रस्ते, नाहीतर तुमच्या गावच्या देवळापुढचा वड, दिवस मावळायच्या अर्धा तास आधी थांबा. शृंगी घुबडासाठी गोकाककडची खडकाळ रानं, बॅटरी बंद ठेवून आवाज ऐका. जंगलातल्यांसाठी भीमगड अभयारण्याकडं जायचं तर परवानगी काढून, आणि रात्री अस्वलं असतात हे डोक्यात ठेवून, एकटं नाही. मोबाईलवर घुबडाचा आवाज लावून बोलवायचं खूळ आलंय ते करू नका, त्याला वाटतं दुसरं घुबड घुसलं, पिल्लं सोडून भांडायला येतंय. डोळ्यावर फ्लॅश पण नको. दुर्बीण नसली तरी चालेल, डास मात्र फार असतात, फुल बाह्यांचा शर्ट घाला.